स्पॅम फिल्टरचं डॉक्युमेंट: सेटिंग लिहिलीत, पण ती लागली की नाही हे बघायचं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेल सर्व्हरवर पोस्टफिक्स (मेल घेणारा आणि पाठवणारा), त्याच्यामागे अमाविस (मेल तपासून पुढे काय करायचं ते ठरवणारा) आणि अमाविसच्या पोटात स्पॅमअसॅसिन (मेलला स्पॅमचे मार्क देणारा). या सगळ्याच्या कॉन्फिगरेशनचं साठेक पानांचं डॉक्युमेंट टीमने मेहनतीने लिहिलंय, जवळजवळ सगळ्या सेटिंग्ज त्यात आहेत, चुकीचं असं काहीच नाही, तरी नवीन आलेला प्रत्येक माणूस त्याच त्या चुका करतो आणि शेवटी जुन्या माणसाला फोन जातो. तर डॉक्युमेंटमध्ये आणखी काय घालायचं?

माझं म्हणणं, आधी काही घालू नका, थोडं काढा. मी गेली सतरा-अठरा वर्षं मेल सर्व्हर सांभाळतोय आणि या काळात मी स्वतः अशी दोन जाडजूड डॉक्युमेंट्स लिहिलीत जी कोणी उघडून बघितली नाहीत, त्यामुळे खालचं सगळं ठेचा खाऊन शिकलेलं आहे असं समजा.

तुमच्या वर्णनावरून मला जी गोम दिसते ती अशी की डॉक्युमेंटमध्ये "ही सेटिंग काय करते" एवढंच आहे, ती लागू झाली हे कुठे बघायचं ते नाहीच. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे खपून जातं, वेबसर्व्हरचा पोर्ट बदलला की ब्राउझर उघडायचा, पान दिसलं तर झालं. स्पॅम फिल्टरचं तसं नाही. तुम्ही काहीही चुकीचं केलंत तरी मेल येतच राहतात, जातच राहतात, सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि तीन आठवड्यांनी कोणीतरी विचारतं की अहो ते बिल पाठवलं होतं त्याचं काय झालं. म्हणून या विषयात प्रत्येक सेटिंगच्या शेजारी तिचा पुरावा लिहिलेला पाहिजे. हे एक केलंत तरी निम्मे फोन बंद होतील असं मला वाटतं.

एक किस्सा सांगतो म्हणजे नेमकं काय म्हणायचंय ते कळेल. आमच्याकडे एक नवीन मुलगा आला होता, हुशार, कामसू. त्याला सांगितलं स्पॅम जास्त येतंय, जरा बघ. त्याने डॉक्युमेंट उघडलं, त्यात लिहिलं होतं की रिक्वायर्ड_स्कोअर ही सेटिंग लोकल.सीएफ फाइलमध्ये असते, डिफॉल्ट ५ आहे, कमी केली की फिल्टर कडक होतो. बरोबर आहे ना? शब्दन् शब्द बरोबर. त्याने ५ चं ४ केलं, स्पॅमअसॅसिनची सर्व्हिस रीस्टार्ट केली, फरक नाही. ३ केलं, फरक नाही. संध्याकाळी मी त्याच्या स्क्रीनवर बघितलं तर तिथे १ लिहिलेलं होतं आणि तो डोक्याला हात लावून बसला होता, म्हणे सर मला वाटतं सॉफ्टवेअरमध्येच बग आहे.

बग काही नव्हता. अमाविस स्पॅमअसॅसिनला पर्ल (एक प्रोग्रामिंग भाषा) लायब्ररी म्हणून आत बोलावतो, त्याच्याकडून फक्त स्कोअर घेतो, आणि मग काय करायचं ते स्वतःच्या पातळ्यांवरून ठरवतो. रिक्वायर्ड_स्कोअर तो विचारातच घेत नाही. सब्जेक्टला "स्पॅम" असा शिक्का मारायची स्पॅमअसॅसिनची सेटिंग पण तो बघत नाही, त्याचीही त्याची वेगळी आहे. अमाविसच्या तीन पातळ्या असतात, टॅग, टॅग२ आणि किल. मूळ फाइलीत त्या २.०, ६.२ आणि ६.९ अशा येतात (तुमच्या डिस्ट्रिब्युशनने बदललेल्या असू शकतात, स्वतःची फाइल बघा). दोनच्या वर गेला की हेडर (मेलच्या डोक्यावर जोडलेली माहितीची ओळ) लागतो, ६.२ च्या वर गेला की स्पॅम म्हणून शिक्का, ६.९ च्या वर गेला की पुढे जातच नाही. आणि वर गंमत म्हणजे त्या पोराने जी सर्व्हिस चार वेळा रीस्टार्ट केली होती तिचा या रस्त्याशी काहीही संबंध नव्हता, कारण स्पॅमडी नावाचा तो डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) अमाविस वापरतच नाही. लोकल.सीएफमध्ये काहीही बदललं तर रीस्टार्ट करायचा तो अमाविस.

आता बघा, डॉक्युमेंट खोटं बोलत नव्हतं. ते स्पॅमअसॅसिनबद्दल बोलत होतं आणि पोरगा बसला होता अमाविससमोर. त्यामुळे माझ्याकडे आता प्रत्येक सेटिंगखाली चार ओळी असतातच: कुठल्या फाइलीत आहे, ती फाइल आपल्या सर्व्हरवर नक्की कोण वाचतं, बदल केल्यावर काय रीस्टार्ट करायचं, आणि लागू झालं हे कुठल्या कमांडने किंवा कुठल्या लॉगच्या ओळीत दिसतं. चौथी ओळ लिहिता येत नसेल तर सेटिंग आपल्यालाच कळलेली नाही असं मी धरतो, आणि खरं सांगायचं तर पहिल्या खेपेला माझ्या निम्म्या सेटिंग्जची चौथी ओळ मला लिहिता आली नव्हती.

दुसरी गोष्ट, डॉक्युमेंटची सुरुवात. तुमचं डॉक्युमेंट बहुतेक "स्पॅम म्हणजे काय" इथून सुरू होत असेल, मग त्याचा इतिहास, मग आर्किटेक्चरची आकृती, मग इन्स्टॉलेशन. हे कोणीही वाचत नाही. वाचणारा माणूस येतो तेव्हा त्याच्या हातात एक मेल असतो आणि पाठीमागे कोणीतरी ओरडत असतं. एकतर चांगला मेल जंकमध्ये गेला, नाहीतर स्पॅम इनबॉक्समध्ये आला, नाहीतर मेल गायबच झाला. या तीन दारांतून आत घ्या त्याला. पहिलं पान म्हणजे हेडर कसा वाचायचा.

समजा एका मेलच्या एक्स-स्पॅम-स्टेटस हेडरमध्ये असं आलंय: येस, स्कोअर ७.६९४, टॅग्ड_अबव्ह २, रिक्वायर्ड ६.२, आणि पुढे कंसात बेज_९९ ३.५, बेज_९९९ ०.२, यूआरआयबीएल_ब्लॅक १.७, आरडीएनएस_नन ०.७९३, एचटीएमएल_मेसेज ०.००१, लोकल_ऑफर १.५. डॉक्युमेंटमध्ये ही एक ओळ घ्या, खरीखुरी, तुमच्या सर्व्हरवरची, आणि तिची चिरफाड करा. बेज म्हणजे शिकवलेल्या मेलवरून काढलेला अंदाज, ९९ म्हणजे स्पॅम असण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर, सगळ्यात मोठा आकडा त्याचाच. यूआरआयबीएल म्हणजे मेलमधली लिंक कुठल्यातरी काळ्या यादीत आहे. आरडीएनएस_नन म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीवरून उलटं नाव शोधलं तर सापडतच नाही. एचटीएमएल_मेसेजचे ०.००१ बघून लोक हमखास विचारतात की हा कशाला, तर तो फक्त नोंद म्हणून आहे, स्कोअर शून्य केला तर रूल (मार्क देणारा नियम) चालतच नाही म्हणून इतका छोटा ठेवलेला असतो. आणि शेवटचा लोकल_ऑफर, तो आपलाच कोणीतरी लिहिलेला, त्याच्याकडे मी नंतर येतो.

याच पानावर हेही लिहा की हेडरच नसेल तर काय. हा प्रश्न फार येतो. अमाविसमध्ये स्कोअर टॅग पातळीच्या खाली असेल तर हेडर लागतच नाही, म्हणजे २.० असताना १.८ चा मेल कोरा दिसणार, आणि माणूस म्हणणार फिल्टर चालतच नाही. म्हणून मी ती पातळी सरळ उणे ९९९ ठेवतो म्हणजे आलेल्या प्रत्येक मेलला हेडर लागतो, वाद मिटला. दुसरं कारण म्हणजे मिळवणाऱ्याचं डोमेन अमाविसच्या लोकल डोमेनच्या यादीत नसणं. नवीन डोमेन जोडलं, पोस्टफिक्समध्ये घातलं, मेल यायला लागले, अमाविसला सांगायचं राहिलं. तो स्कॅन करतो पण मेल बाहेरच्या माणसाचा समजून हेडर लावत नाही. माझ्या माहितीतल्या एका ठिकाणी एक डोमेन असं वर्षभर कोरं चाललं होतं.

"मेल गायब झाला" या तिसऱ्या दारात लॉगच्या ओळी द्या, जशाच्या तशा. पास्ड क्लीन म्हणजे काय, पास्ड स्पॅमी म्हणजे काय, ब्लॉक्ड स्पॅम म्हणजे काय. त्या ओळीत क्वारंटाइनचा (अडवून बाजूला ठेवलेल्या मेलचा) आयडी असतो, तो घेऊन मेल सोडवायची कमांड काय, ती कुठल्या युजरने चालवायची. शिवाय किल पातळीच्या वर गेलेल्या मेलचं आपण काय करतो ते पहिल्याच पानावर ठळक लिहा, टाकून देतो की ठेवतो. बाउन्स करतो (म्हणजे मेल नाकारल्याचा निरोप पाठवणाऱ्याला परत पाठवतो) असं उत्तर असेल तर डॉक्युमेंट बाजूला ठेवून आधी ते बदला, कारण स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा चोरलेला असतो आणि तुमचा बाउन्स कुठल्यातरी निरपराध माणसाच्या डोक्यात जाऊन पडतो. एकदा मेल रांगेत घेतला की नकार द्यायची वेळ गेलेली असते. नकार द्यायचा तर दारातच, एसएमटीपीचं, म्हणजे मेल देणाऱ्या सर्व्हरशी, बोलणं चालू असताना.

आता बेज. हा भाग मी जरा सविस्तर सांगतो कारण इथे सगळेच पडतात, मीही पडलोय, आणि कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये हा तीन ओळींत उरकलेला असतो: "एसए-लर्न कमांडने फिल्टरला शिकवा." बस्स. मग माणूस रूट (सर्व्हरचा मुख्य युजर) म्हणून लॉगिन करतो, स्पॅमचा फोल्डर देतो, कमांड छान उत्तर देते की इतक्या मेलमधून शिकलो, आणि तो खूश. पण तो जे शिकला ते गेलं रूटच्या घरातल्या डेटाबेसमध्ये, आणि मेल तपासणारा अमाविस चालतो स्वतःच्या युजरने, त्याचा डेटाबेस त्याच्या घरात. दोघांची ओळखदेखील नाही. एका ठिकाणी तर सहा महिने दर शनिवारी एक माणूस इमानेइतबारे रूटला शिकवत होता. रूट अगदी विद्वान झाला होता, फिल्टर कोराच.

म्हणून बेजच्या पानावर पहिल्यांदा कमांड लिहूच नका, पुरावा लिहा. अमाविसच्या युजरने एसए-लर्नला डम्प मॅजिक विचारायचं, आउटपुटमध्ये एनस्पॅम आणि एनहॅम (किती स्पॅम आणि किती चांगले मेल शिकवले) अशा दोन ओळी येतात, ते आकडे बघायचे. शिकवायचं, परत बघायचं, आकडे वाढले पाहिजेत. नाही वाढले तर तुम्ही भलत्यालाच शिकवताय. आणि दोन्ही आकडे किमान २०० झाल्याशिवाय स्पॅमअसॅसिन बेज वापरतच नाही, हे डिफॉल्ट आहे, आणि हे न सांगितल्यामुळे लोक पन्नास स्पॅम शिकवून "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. चांगले मेल पण २०० लागतात, हे तर कोणाच्या डोक्यातच येत नाही, सगळे नुसतं स्पॅम भरतात. चांगल्या मेलला हॅम म्हणतात हेसुद्धा एकदा लिहून टाका, आमच्याकडे एकाने हॅम म्हणजे काहीतरी स्पॅमचाच प्रकार असेल असं समजून उलटं शिकवलं होतं.

आपोआप शिकण्याचंही लिहा. डिफॉल्टला १२ च्या वर स्कोअर गेला की मेल स्पॅम म्हणून शिकला जातो आणि ०.१ च्या खाली गेला की हॅम म्हणून. पण स्पॅम म्हणून शिकायला नुसते १२ पुरत नाहीत, त्यातले किमान ३ हेडरच्या रूलमधून आणि ३ बॉडीच्या रूलमधून यावे लागतात, आणि हा हिशेब बेजचे स्वतःचे मार्क सोडून करतात नाहीतर तो स्वतःच्याच मतावरून स्वतःला शिकवत बसेल. एवढं एक वाक्य असेल तर "स्कोअर १४ आहे तरी ऑटोलर्न नो का?" हा फोन येणार नाही. आमच्याकडे हा फोन महिन्याला एक तरी यायचा.

काळ्या याद्या, म्हणजे डीएनएसबीएल, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या डीएनएसमधून विचारता येणाऱ्या याद्या. इथे डॉक्युमेंटने बोलायचं ते याद्यांबद्दल नाही, रिझॉल्व्हरबद्दल (डीएनएसला प्रश्न विचारून उत्तर आणून देणारा). सर्व्हरवर कोणीतरी सवयीने सार्वजनिक डीएनएस टाकलेला असतो, आणि स्पॅमहाऊस किंवा यूआरआयबीएलसारख्या याद्या अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरकडून आलेल्या विचारणेला खरं उत्तर देत नाहीत, कारण कोण किती विचारतंय हे त्यांना मोजता येत नाही. परिणाम असा की यादी आहे, रूल आहे, पण निकाल शून्य. हेडरमध्ये यूआरआयबीएल_ब्लॉक्ड दिसलं तर लोक समजतात की वा, लिंक ब्लॉक झाली. छे, तुम्हालाच ब्लॉक केलंय! हे वाक्य मी डॉक्युमेंटमध्ये याच शब्दांत लिहिलंय. उपाय एवढाच की सर्व्हरवर स्वतःचा रिकर्सिव्ह (उत्तर स्वतःच शोधणारा) रिझॉल्व्हर चालवायचा, अनबाउंड किंवा तत्सम, आणि तो दुसऱ्याकडे फॉरवर्ड करत नाही ना हे बघायचं.

पुरावा इथेही आहे आणि सोपा आहे. प्रत्येक नीट चालणाऱ्या आयपी यादीत १२७.०.०.२ हा पत्ता चाचणीसाठी नोंदवलेला असतो आणि १२७.०.०.१ कधीच नसतो. ही पद्धत २०१० च्या आरएफसी ५७८२ या इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजात लिहून ठेवलीये. दोन्ही विचारून बघायचे: पहिल्याला उत्तर आलं आणि दुसऱ्याला नाही आलं तर यादी जिवंत आहे आणि तुमचं म्हणणं तिच्यापर्यंत पोचतंय. पहिल्यालाही नाही आलं तर यादी मेली किंवा रस्ता बंद. दुसऱ्यालाही आलं तर पळा, ती यादी सगळ्या जगाला स्पॅमर म्हणतेय. आणि उत्तर १२७.२५५.२५५.२५४ असं आलं तर ते स्पॅमहाऊसचं सांगणं आहे की तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून आलात. इथे एक मोठा खड्डा आहे: पोस्टफिक्समध्ये यादी लिहिताना कुठलं उत्तर म्हणजे नकार हे स्पष्ट केलं नाही तर तो कुठल्याही उत्तराला "यादीत आहे" समजतो, म्हणजे या चुकीच्या उत्तरालाही, आणि सगळेच मेल दारातून परत. त्यामुळे डॉक्युमेंटमधल्या उदाहरणात उत्तराचे कोड लिहिलेलेच असले पाहिजेत, कारण लोक उदाहरणच उचलणार.

याद्यांचं पान शिळं फार लवकर होतं. ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी लोकांच्या कॉन्फिगमध्ये ती तशीच राहिली, आणि मार्च २००८ मध्ये तिने विचारलेल्या प्रत्येक आयपीला "हो, आहे" असं उत्तर द्यायला सुरुवात केली म्हणजे लोक एकदाचे काढतील. ज्यांनी काढली नव्हती त्यांचे चांगले मेल त्या दिवशी धडाधड परत गेले. सॉर्ब्स २०२४ मध्ये बंद झाली, आणि आजही कुठलंही जुनं "हाऊ टू" उघडा, तिचं नाव सापडेल. म्हणून प्रत्येक यादीपुढे ती शेवटची कधी तपासली ती तारीख लिहायची, आणि वरचे दोन प्रश्न क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) रोज विचारायचे. हे डॉक्युमेंटेशनमध्ये मोडत नाही म्हणाल, पण जे मशीन बघू शकतं ते माणसाला "लक्षात ठेवा" म्हणून लिहिण्यात काय अर्थ आहे.

उदाहरणं. लोक वाचत नाहीत, कॉपी करतात, मीपण करतो. त्यामुळे डॉक्युमेंटमधलं सगळ्यात धोकादायक उदाहरण हे उद्या प्रॉडक्शनवर असणार हे धरून लिहा. नेहमीचं म्हणजे व्हाइटलिस्ट_फ्रॉम, ठरावीक फ्रॉम पत्त्याला सूट देणारी सेटिंग. जवळपास प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये पहिलं उदाहरण हेच, त्यात स्वतःचंच डोमेन स्टार लावून टाकलेलं. फ्रॉम पत्ता कोणीही काहीही लिहू शकतो, आणि या नोंदीला उणे १०० मार्क मिळतात, म्हणजे स्पॅमरने तुमच्याच साहेबांच्या नावाने मेल पाठवला की तो लाल गालिच्यावरून आत. उदाहरण द्यायचं तर व्हाइटलिस्ट_ऑथचं द्या, त्यात एसपीएफ किंवा डीकेआयएम (पाठवणारं डोमेन खरं आहे का हे तपासायच्या पद्धती) जुळलं तरच सूट मिळते. व्हाइटलिस्ट_फ्रॉमचं उदाहरण नकोच, "असं करू नका" म्हणूनसुद्धा नको, कारण उचलणाऱ्याला वरची ओळ दिसत नाही. हां, आणि स्पॅमअसॅसिन ४.० पासून, म्हणजे २०२२ च्या शेवटापासून, या सेटिंग्जची नावं वेलकमलिस्ट अशी झालीयेत, त्यामुळे डॉक्युमेंट कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते डोक्यावर लिहा. जुनं नाव शोधणाऱ्याला नवीन सापडलं पाहिजे, म्हणून दोन्ही नावं लिहा.

कॉपीवरून आठवलं, डॉक्युमेंट वर्ड प्रोसेसरमध्ये असेल तर आजच बाहेर काढा. तो सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करतो आणि दोन हायफनचा एक लांब डॅश करतो, दिसायला सुंदर, कमांड मात्र चालत नाही. अमाविसची कॉन्फिग फाइल तर चक्क पर्ल आहे, त्यात डबल कोट्समध्ये ईमेल पत्ता लिहिला की ॲट चिन्हापुढचं पर्लला ॲरे वाटतं. सिंगल कोट्स वापरा किंवा ॲटच्या आधी बॅकस्लॅश द्या. ही एक ओळ माझ्या डॉक्युमेंटमध्ये लाल रंगात आहे.

आता तो लोकल_ऑफर. असे रूल प्रत्येक सर्व्हरवर असतात, कोणीतरी कधीतरी रागाच्या भरात लिहिलेले. कशासाठी लिहिला, कोणत्या मेलमुळे, कोणाला माहीत नाही, काढायची कोणाची हिंमत नाही. स्वतःच्या रूलशेजारी कॉमेंटमध्ये तीन गोष्टी हव्यातच: कशामुळे लिहिला, कधी लिहिला, आणि कधी काढायचा. मोठ्यांचंही चुकतं. स्पॅमअसॅसिनमध्येच एक रूल होता जो मेलची तारीख फार पुढची असेल तर मार्क द्यायचा, स्पॅमर पुढची तारीख टाकून मेल यादीत सगळ्यात वर आणतात म्हणून. त्यात "फार पुढची" म्हणजे २०१० ते २०९९ असं पॅटर्नमध्येच लिहून टाकलेलं. लिहिताना २०१० लांब वाटलं असणार. १ जानेवारी २०१० उजाडला आणि जगातल्या प्रत्येक चांगल्या मेलला तीनच्या आसपास मार्क फुकट मिळायला लागले, थ्रेशोल्ड ५ असताना. त्या रूलशेजारी "२००९ मध्ये परत बघा" एवढी कॉमेंट असती आणि ती कोणी खरंच बघितली असती तर, असो.

टेस्टिंगवर जास्त लिहीत नाही. लोकल.सीएफ बदलली की रीस्टार्टच्या आधी स्पॅमअसॅसिनचं लिंट (कॉन्फिग फाइलीतल्या चुका दाखवणारी तपासणी) चालवायचं, काही बोललं नाही तर ठीक. एसए-अपडेटने (नवीन रूल आणणारी कमांड) १ हा एक्झिट कोड दिला तर ती एरर नाही, नवीन काही नव्हतं एवढाच अर्थ, हे लिहा नाहीतर लोक क्रॉनचे मेल बघून घाबरतात. जीटीयूब नावाची चाचणीची ओळ असते, तिला १००० मार्क मिळतात, पण तिने फक्त पाइप जोडलेला आहे एवढं कळतं, फिल्टर हुशार आहे की नाही ते कळत नाही. (ती ओळ आम्ही डॉक्युमेंटमध्ये जशीच्या तशी छापली आणि डॉक्युमेंट सगळ्या टीमला मेलने पाठवलं. कोणालाच मिळालं नाही. आता ती वेगळ्या फाइलीत असते.) खरी चाचणी म्हणजे आपल्याच मेलमधले काही पक्के स्पॅम आणि काही पक्के चांगले बाजूला काढून ठेवायचे आणि प्रत्येक बदलानंतर तेच परत चालवून स्कोअर किती हलले ते बघायचं. चांगले मेल निवडताना बँकेचे, बिलांचे, न्यूजलेटरसारखे दिसणारे घ्या, मार तिथेच पडतो.

तुम्ही पुढेमागे आरस्पॅमडी या दुसऱ्या स्पॅम फिल्टरवर जाणार असाल तर हीच पद्धत तिथेही चालते, नावं बदलतात एवढंच. तिथला नेहमीचा घोळ म्हणजे लोकल.डी फोल्डरमधल्या फाइलीत सेक्शनचं नाव आणि महिरपी कंस परत लिहिणं. ती फाइल आधीच त्या सेक्शनच्या आत घेतली जाते, त्यामुळे नुसती आतली ओळ लिहायची. कंसासकट लिहिलं तर सेटिंग एक पायरी खोल जाते आणि फाइल चूकही दाखवत नाही. पुरावा: कॉन्फिगडम्प चालवायचं आणि आपला आकडा तिथे दिसतोय का बघायचं. नुसत्या कॉन्फिगटेस्टवर विश्वास नको, ते व्याकरण तपासतं, तुमच्या मनात काय होतं ते नाही.

आता लिहायचं काय हे कसं ठरवायचं. तुम्ही आणि मी बसून ठरवलं तर चुकणार, कारण आपल्याला सगळं येतं. मी असं केलं: नवीन माणसाला डॉक्युमेंट दिलं, एक काम दिलं ("या पत्त्यावरून येणारे मेल जंकमध्ये जातायत, सोडव"), शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि ठरवलं की बोलायचं नाही. भयंकर अवघड असतं, तोंडातून शब्द येऊ पाहतो. तो जिथे थांबला, जिथे दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन सर्च केलं, जिथे मला "सर हे म्हणजे..." असं विचारलं, तेवढं लिहून घेतलं. तासाभरात अकरा जागा मिळाल्या. त्यातल्या नऊ जागा अशा होत्या की माहिती डॉक्युमेंटमध्ये होती, पण तो शोधत होता त्या शब्दाने नव्हती. तो शोधत होता "मेल आला नाही" आणि आमच्याकडे प्रकरणाचं नाव होतं "अंतिम निर्णय धोरण". मथळे बदलले फक्त, मजकूर तोच ठेवला, आणि पुढच्या माणसाला त्या जागांपैकी बऱ्याच सापडल्या. शिवाय जुन्या माणसाला जे फोन येतात ते आठवडाभर एका वहीत लिहून ठेवायला सांगा, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. तुमची अनुक्रमणिका त्या वहीत आहे.

आणि काढायचं काय, तर स्पॅमचा इतिहास, सगळ्या ऑप्शन्सचा तक्ता (तो मूळ सॉफ्टवेअरच्या पर्लडॉकमध्ये, म्हणजे त्याच्यासोबत येणाऱ्या मदतीच्या पानांत, तुमच्यापेक्षा चांगला आणि ताजा आहे, फक्त तो कसा उघडायचा ते लिहा), आणि डिफॉल्टच ठेवलेल्या सेटिंग्जची वर्णनं. तुमच्या साठ पानांतली चाळीस तरी यात जातील असा माझा अंदाज आहे. उरलेल्यात फक्त आपल्या सर्व्हरवर जे वेगळं आहे ते, आणि ते तसं का आहे ते.

सुरुवात एकाच पानाने करा, बेजच्या. आत्ता अमाविसच्या युजरने डम्प मॅजिक चालवा, मग रूटने चालवा, आणि दोन्ही आउटपुट शेजारी शेजारी त्या पानावर चिकटवा. रूटचा आकडा मोठा निघाला तर गेली काही वर्षं कोण कोणाला शिकवत होतं ते तुम्हाला तिथेच दिसेल, आणि पानाचं पहिलं वाक्य काय असावं तेही.